वाचकांचे प्रश्न : हाडाच्या पेशींना पृष्ठभाग आणि ताण कळतात कसे?

गेल्या अंकातील कृत्रिम सांध्यांवरील लेखानंतर आलेल्या पत्रांत एकच कुतूहल वेगवेगळ्या शब्दांत व्यक्त झाले आहे : हाड जिवंत असते हे मान्य, पण शेजारी बसवलेला धातू कसा आहे आणि शरीरावर किती भार पडतो आहे, हे त्यातील पेशींना समजते कसे? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : दाताच्या जागी टायटॅनियमचा इम्प्लांट बसवण्याआधी दंतवैद्यांनी मला त्याचा नमुना दाखवला. त्याचे आटे चकचकीत असतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते मळकट राखाडी दिसत होते आणि बोटाला किंचित खरखरीत लागत होते. गुळगुळीत धातू शरीराला अधिक सोसवणार नाही का? आणि हा खडबडीतपणा पेशींना कळतो तरी कसा?

उत्तर : गुळगुळीत टायटॅनियम शरीराला सोसवते, यात शंका नाही, परंतु इम्प्लांटच्या बाबतीत केवळ सोसवणे पुरेसे नसते. परक्या वस्तूभोवती शरीर बहुधा तंतुमय ऊतीचे मऊ आवरण तयार करते आणि अशा आवरणात बसलेला स्क्रू चावताना हलत राहतो. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास रक्तप्रवाहाचे निरीक्षण करण्यासाठी सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी उपकरणे बसवली होती. अभ्यास संपल्यावर ती सहजी निघेनात, कारण मध्ये कोणतेही मऊ आवरण न येता हाड थेट धातूला भिडून वाढले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. ते यंत्रावर कातलेले आणि आजच्या मानाने गुळगुळीत होते, आणि ते हाडात रुजेपर्यंत ३ ते ६ महिने त्यांच्यावर भार येऊ दिला जात नसे. हा काळ कमी व्हावा आणि पकड अधिक भक्कम व्हावी, यासाठी पुढे पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केला जाऊ लागला.

त्याचा परिणाम किती होतो, हे १९९१ मध्ये डॅनियल बुझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांवर केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. विद्युत्-प्रक्रियेने चकचकीत केलेल्या इम्प्लांटच्या पृष्ठभागापैकी २० ते २५ टक्के भागच हाडाला थेट टेकलेला आढळला. वाळूसारख्या कणांचा मारा करून नंतर आम्लाने कोरलेल्या पृष्ठभागावर हेच प्रमाण ५० ते ६० टक्के भरले. धातू तोच, आकार तोच, हाडही तेच. फरक होता तो फक्त पृष्ठभागाच्या पोताचा.

आता पेशीच्या बाजूने पाहू. हाड घडवणारी पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, पसरलेल्या अवस्थेत काही दशक मायक्रोमीटर रुंद असते. ती धातूला स्वतः कधीच शिवत नाही. इम्प्लांट रक्तात भिजताच काही क्षणांत फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिने त्यावर चिकटतात आणि पेशी पकडते ती या प्रथिनांना. त्यासाठी तिच्या आवरणात इंटेग्रिन नावाचे रेणू असतात. त्या प्रत्येकाचा व्यास सुमारे १० नॅनोमीटर असतो. शेजारशेजारच्या इंटेग्रिनना धरायला मिळणाऱ्या जागा साधारण ७० नॅनोमीटरपेक्षा दूर गेल्या, तर त्यांचा जमाव बनत नाही आणि पकड टिकत नाही. जिथे जमाव बनतो तिथे आतल्या बाजूने ॲक्टिनचे तंतू येऊन जोडले जातात आणि पेशी त्या तंतूंनी पृष्ठभागाला सतत ओढून पाहत असते. पृष्ठभागाविषयीची तिची सारी माहिती या ओढीतून मिळते.

सपाट पृष्ठभागावर पेशी ऐसपैस पसरते, भराभर विभागते आणि आपली संख्या वाढवते. मायक्रोमीटरच्या मापाचे उंचवटे आणि खळगे असलेल्या पृष्ठभागावर तिला तसे पसरता येत नाही. ती शिखरांवर टेकून मधल्या दऱ्यांवर ताणली जाते. बार्बरा बॉयन आणि झ्वी श्वार्ट्झ यांच्या गटाने अशा पृष्ठभागांवर वाढवलेल्या पेशींत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट नोंदवली : विभाजन मंदावते, पण परिपक्वता वाढते, म्हणजे ऑस्टिओकॅल्सिनसारखी हाडाची खूण असलेली प्रथिने अधिक तयार होतात. शिवाय खडबडीत पृष्ठभाग रक्ताच्या गुठळीतील फायब्रिनचे जाळे घट्ट धरून ठेवतो. या जाळ्यावरून पेशी थेट धातूपर्यंत चालत येतात आणि नवे हाड इम्प्लांटकडून बाहेरच्या दिशेनेही वाढू लागते. एरवी ते जुन्या हाडाच्या कडेकडून हळूहळू सरकत यावे लागते.

याहून सूक्ष्म पातळीवरचा एक प्रयोग मला या साऱ्या क्षेत्रातील सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ग्लासगो विद्यापीठातील मॅथ्यू डाल्बी यांच्या गटाने २००७ मध्ये प्लॅस्टिकच्या सपाट पृष्ठभागावर १२० नॅनोमीटर व्यासाचे आणि १०० नॅनोमीटर खोल खड्डे उमटवले. दोन खड्ड्यांमधील सरासरी अंतर ३०० नॅनोमीटर होते. एका नमुन्यात हे खड्डे अगदी काटेकोर चौकटीत होते. त्यावर ठेवलेल्या मूळपेशींनी (स्टेम सेल) हाडाच्या दिशेने फारशी वाटचाल केली नाही. दुसऱ्या नमुन्यात प्रत्येक खड्डा आपल्या नेमक्या जागेपासून जास्तीत जास्त ५० नॅनोमीटर इकडे किंवा तिकडे सरकवलेला होता. या किंचित विस्कटलेल्या मांडणीवर त्याच मूळपेशी हाड घडवणाऱ्या पेशी झाल्या आणि त्यांनी हाडाचे खनिज साठवायला सुरुवात केली. त्यांना त्या दिशेने वळवणारे कोणतेही रसायन पोषणद्रवात घातलेले नव्हते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या सरकण्याने एका पेशीचे भवितव्य बदलावे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

शरीराच्या दृष्टीने यात अनैसर्गिक काहीच नाही. जुने हाड विरघळवून काढणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी काम संपवून निघून जातात, तेव्हा मागे खळग्याखळग्यांचा ओबडधोबड पृष्ठभाग राहतो आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशी नेमक्या त्यावरच येऊन बसतात. तरीही खडबडीतपणा जितका जास्त तितका चांगला, असे मात्र नाही. सरासरी उंच-सखलपणा १ ते २ मायक्रोमीटर असलेले पृष्ठभाग आज सर्वांत उपयुक्त मानले जातात. त्यापलीकडे हाडाचा फायदा वाढत नाही, उलट हिरडीजवळ पृष्ठभाग उघडा पडल्यास जंतूंचा थर बसायला जागा मिळते. हिरडीतून वर येणारा इम्प्लांटचा भाग म्हणूनच अनेकदा गुळगुळीत ठेवतात.

प्रश्न : मी यंत्र-अभियंता आहे. चालताना हाडाची लांबी जेमतेम हजारातल्या एखाद्या हिश्शाने बदलते, असे मी वाचले. इतका क्षुल्लक बदल पेशीच्या पातळीवर जाणवण्याजोगा कसा ठरतो?

उत्तर : आपली शंका अगदी योग्य जागी आहे, संशोधकांनाही याच विसंगतीने अनेक वर्षे अडवले होते. हाडाचा ताण मायक्रोस्ट्रेनमध्ये मोजतात. १ मीटर लांबीची वस्तू १ मायक्रोमीटरने लांबली किंवा आखडली, तर तो १ मायक्रोस्ट्रेन होतो. चालताना पायाच्या नळीच्या हाडावर काही शे आणि जोरदार धावताना २००० च्या आसपास मायक्रोस्ट्रेन येतात, म्हणजे ०.२ टक्का. उलट प्रयोगशाळेत लवचीक पट्टीवर वाढवलेल्या पेशींनी ठळक प्रतिसाद द्यावा यासाठी ती पट्टी अनेकदा १ टक्का किंवा त्याहूनही अधिक ताणावी लागते. इतका ताण खऱ्या हाडाला सतत दिला, तर त्यात तडे जातील.

ही विसंगती सुटण्यासाठी हाडाच्या आत पाहावे लागते. प्रौढ हाडातील ९० टक्क्यांहून अधिक पेशी पृष्ठभागावर नसतात, त्या खनिजात गाडलेल्या असतात. या ऑस्टिओसाइट पेशी. एका गणनेनुसार प्रौढ सांगाड्यात त्यांची संख्या सुमारे ४२ अब्ज असते. प्रत्येक ऑस्टिओसाइट एका इवल्या पोकळीत असते आणि तिच्यापासून निघालेले कित्येक डझन बारीक फाटे, पाव ते अर्धा मायक्रोमीटर रुंदीच्या नळ्यांमधून शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचतात. फाटा आणि नळीची भिंत यांच्यामधील फटीत द्रव असतो. हाड वाकले की एका बाजूच्या नळ्या दाबल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या किंचित फाकतात आणि द्रव एकीकडून दुसरीकडे सरकतो. शेल्डन वाइनबॉम, स्टीफन काउइन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९४ मध्ये गणिताने दाखवले, की या सरकण्याने फाट्यांवर ०.८ ते ३ पास्कल इतका घासणारा ताण येऊ शकतो. पेशींना चेतवायला तो पुरेसा आहे. २००१ मध्ये त्याच गटाने पुढचा दुवा मांडला. फाटा नळीच्या भिंतीला सूक्ष्म तंतूंनी बांधलेला असतो, द्रव वाहताना हे तंतू ओढले जातात आणि त्यामुळे पेशीच्या आवरणावरील ताण हाडाच्या मूळ ताणाच्या दहापटीहूनही अधिक होतो. हाडाला जो बदल क्षुल्लक वाटतो, तो पेशीपर्यंत पोहोचेपर्यंत क्षुल्लक राहिलेला नसतो.

पुढची साखळी काही प्रमाणात उलगडली आहे. पिएझो-१ हे आवरणातील द्वार ताणले गेले की उघडते आणि कॅल्शियम आत येते. हे द्वार २०१० मध्ये सापडले, त्यामागील आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि ज्या उंदरांच्या हाडाच्या पेशींतून हे द्वार काढून टाकले त्यांची हाडे बारीक व कमकुवत राहतात, हे २०१९ मध्ये दिसले. कॅल्शियमची लाट सेकंदांत उठते, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन मिनिटांत बाहेर पडतात, आणि त्यानंतर खरा निर्णायक बदल होतो : ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन कमी बनवू लागते. स्क्लेरोस्टिन हा हाड घडवणाऱ्या पेशींवरचा लगाम आहे. भार आला की तो सैल होतो, भार गेला की आवळला जातो. ज्या मोजक्या कुटुंबांत जन्मतःच हे प्रथिन बनत नाही, त्यांची हाडे असामान्य जाड आणि घट्ट असतात. याच प्रथिनाला निष्क्रिय करणारे रोमोसोझुमॅब हे औषध तीव्र अस्थिसुषिरतेसाठी (ऑस्टिओपोरोसिस) अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाले.

प्रश्न : रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून मी रोज एक तास संथ चालते. दोन तपासण्यांमध्ये हाडांची घनता जराही वाढलेली दिसली नाही. मी आणखी जास्त वेळ चालावे का?

उत्तर : चालणे सोडू नका, हृदय, स्नायू आणि तोल या तिन्हींसाठी ते मोलाचे आहे. रजोनिवृत्तीनंतर घनता टिकून राहणे हीदेखील चांगलीच बातमी आहे, कारण या काळात ती सहसा घटत असते. पण केवळ वेळ वाढवून हाडाच्या पेशींना फारसे नवे काही कळत नाही. १९८४ मध्ये क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन यांनी कोंबड्याच्या पंखातील एक हाड नेहमीच्या भारापासून वेगळे केले आणि त्यावर यंत्राने ठरावीक भार दिला. भार अजिबात न दिलेले हाड झिजले. दिवसाला फक्त ४ वेळा भार दिलेले हाड टिकून राहिले. ३६ वेळा दिल्यावर ते वाढले आणि १८०० वेळा देऊनही त्याहून अधिक वाढले नाही. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका प्रयोगात सतत एकसारखा दाबून ठेवलेला भार हाडाला जवळजवळ भार नसल्यासारखाच ठरला. पेशींना हवा असतो तो बदलता, झटकन येणारा आणि नेहमीपेक्षा थोडा वेगळा ताण.

आणखी एक गोष्ट उंदरांवरील प्रयोगांतून कळली आहे. दिवसभराचे ३६० झटके एकदम देण्याऐवजी ९०-९० चे चार भाग करून मध्ये काही तासांची विश्रांती दिली, तर अधिक हाड तयार होते, कारण पेशींची संवेदना थकते आणि ती परत यायला काही तास लागतात. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाचे कवच दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड असल्याचे १९७७ च्या एका अभ्यासात दिसले. उलट वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड दरमहा साधारण १ ते १.५ टक्का घटते. खेळाडूंचे हे आकडे वाढत्या वयातल्या सरावाचे आहेत, हे मात्र लक्षात ठेवावे. प्रौढपणी मिळणारा लाभ बराच लहान असतो.

आपल्या बाबतीत वजन उचलण्याचे व्यायाम, जिने चढणे किंवा वेगात बदल करत चालणे यांचा विचार होऊ शकेल. मात्र मणक्याचे किंवा मनगटाचे हाड आधी मोडलेले असेल, किंवा घनता फारच कमी असेल, तर उड्या आणि पुढे वाकून वजन उचलणे धोक्याचे ठरू शकते. त्यामुळे आपला अहवाल डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना दाखवूनच व्यायाम ठरवावा.

प्रश्न : दात सरळ करण्यासाठी तारा लावल्याने जबड्याचे हाड कमकुवत होते का?

उत्तर : तार दाताला ज्या दिशेने ढकलते त्या बाजूचे हाड ऑस्टिओक्लास्ट पेशी काढून टाकतात आणि मागच्या, ताणल्या जाणाऱ्या बाजूला नवे हाड भरले जाते. बल सौम्य असेल तर जमा-खर्च बरोबर राहतो. जास्त जोर लावल्यास दाताच्या मुळाभोवतीच्या, दाब पडणाऱ्या बाजूच्या अस्तरातील रक्तपुरवठा तुटतो, दात उलट हळू सरकतो आणि मुळाची झीज होण्याची शक्यता वाढते. उपचार लवकर संपवण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये, तो यासाठी.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या खुब्यात सिमेंट न वापरता, सच्छिद्र पृष्ठभागाचा सांधा बसवला आहे. सुरुवातीचे काही आठवडे पायावर अर्धाच भार द्यायला सांगितले आहे. खडबडीत पृष्ठभागही हाडाला चालना देतो आणि भारही देतो, तर दोन्ही पहिल्या दिवसापासून एकत्र का मिळू द्यायचे नाहीत?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण वरच्या सगळ्या उत्तरांची गाठ इथे पडते. पृष्ठभाग आणि ताण हे पेशीसाठी दोन वेगळे निरोप आहेत असे आपण समजतो. पेशीकडे मात्र दोन्हींसाठी पुष्कळशी एकच यंत्रणा आहे. इंटेग्रिन आणि ॲक्टिन यांना जोडणारे टॅलिन हे प्रथिन ओढ बसली की उलगडते, त्यातील लपलेल्या जागा उघड्या पडतात आणि तिथे व्हिन्क्युलिन येऊन पकड अधिक बळकट करते. ही ओढ पेशीने स्वतः खडबडीत पृष्ठभागाला लावलेली असो किंवा बाहेरच्या भाराने आलेली असो, टॅलिन उलगडते त्याच रीतीने. म्हणून पृष्ठभाग पेशीची पकड ठरवतो आणि ती पकड पुढे येणारा ताण पेशीला किती आणि कसा जाणवेल हे ठरवते. या दोहोंचा विचार वेगवेगळा करणारे इम्प्लांटचे वर्णन मला अपुरे वाटते, मग ते कितीही चकचकीत माहितीपत्रकात छापलेले असो.

यात काळाचा क्रम फार महत्त्वाचा असतो. शस्त्रक्रियेनंतर धातू आणि हाड यांच्यामध्ये काही दिवस रक्ताची गुठळी आणि कोवळी ऊती असते. त्यात अजून हाडही नसते आणि भार जाणून घेणाऱ्या ऑस्टिओसाइटचे जाळेही नसते. स्टीफन पेरेन यांनी अस्थिभंगाच्या संदर्भात मांडलेला हिशेब इथे उपयोगी पडतो : कोवळी ऊती जवळजवळ १०० टक्के ताणली तरी टिकते, कूर्चा साधारण १० टक्क्यांपर्यंत, पण हाड २ टक्क्यांपलीकडे तुटते. फट अगदी अरुंद असेल, तर थोड्याशा हालचालीनेही तिच्यातील ताण ही मर्यादा ओलांडतो आणि तिथे हाड बनूच शकत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत धातू आणि हाड यांच्यातील हालचाल २० ते ४० मायक्रोमीटरच्या आत राहिली, तर हाड सच्छिद्र पृष्ठभागात शिरते. ती १५० मायक्रोमीटरच्या पुढे गेली, तर बहुधा तंतुमय ऊतीच तयार होते, पृष्ठभाग कितीही उत्तम असला तरी. छिद्रांचे मापही त्यासाठीच जपून निवडतात. १०० ते ४०० मायक्रोमीटरच्या छिद्रांत रक्तवाहिन्यांसह हाड चांगले शिरते.

हाड एकदा आत शिरले की परिस्थिती उलटते. आता भार नसणे हाच धोका ठरतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल, कोबाल्ट-क्रोमचा २०० हून अधिक, तर हाडाच्या घट्ट कवचाचा १५ ते २० गिगापास्कल असतो. त्यामुळे मांडीच्या हाडात बसवलेला जाड, ताठ दांडा बराचसा भार स्वतःच वाहून खाली नेतो आणि वरच्या भागातील ऑस्टिओसाइटना जवळजवळ काहीच जाणवत नाही. तिथे स्क्लेरोस्टिनचा लगाम आवळला जातो आणि पुढील काही वर्षांत हाड विरळ होते. दांडा फक्त वरच्या भागातच सच्छिद्र ठेवणे आणि कमी ताठर मिश्रधातू वापरणे हे यावरचे उपाय आहेत.

आता आपल्या वडिलांविषयी. अनेक रुग्णांना आज लगेच पूर्ण भार देऊन चालवले जाते, कारण सांधा घट्ट बसवलेला असेल तर चालण्याने होणारी हालचाल मर्यादेत राहते. काहींच्या बाबतीत हाड मऊ असते, ठोकून बसवताना बारीक चीर गेलेली असते किंवा पकड अपेक्षेपेक्षा सैल वाटते, आणि हे टेबलावर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनलाच कळते. अर्धा भार सांगण्यामागे त्यांच्या मनात यांपैकी नेमके काय होते, हे पुढच्या तपासणीच्या वेळी त्यांना जरूर विचारा. एक्स-रेवर दांडा जागचा हललेला नाही असे दिसल्यावर भार टप्प्याटप्प्याने वाढवायला ते स्वतःच सांगतील.